नागम्माच्या गिरणीतला बाजा

अणदूरचा खंडोबा दर हिवाळ्यात नळदुर्गला मुक्कामाला येतो. गेल्या वर्षी पालखी वेशीतून आत शिरली, लोकांनी येळकोटाचा गजर करत भंडारा उधळला, आणि पालखीचे भोई शिंकू लागले. आधी पुढचा, मग मागचा, मग शेजारून चालणारे. सनईवाला सनईतच शिंकला, आणि त्यातून जो सूर निघाला तो त्याला नंतर कितीही खटपट करून पुन्हा काढता आला नाही. सगळ्यांची तोंडं पिवळी आणि डोळे लाल. त्यात पालखी एका बाजूला कलली. ज्याच्या खांद्यावरून दांडी निसटली तो माझ्या आत्याचा धाकटा दीर रेवणसिद्ध होता, आणि भंडारा ज्या गिरणीत दळला होता ती गिरणी माझ्या आत्याची होती.

भंडाऱ्यात मिरची होती. कुणी मुद्दाम घातली नव्हती. आत्याच्या गिरणीत एकच खोली आणि त्यात दोन दगड. एकावर ज्वारी, गहू. दुसऱ्यावर मिरची, मसाला आणि वर्षातून एकदा देवाची हळद. हळदीच्या आधी आत्या तो दगड धुऊन, त्याला छिन्नीनं नवी टाकी लावून, उन्हात ठेवून घ्यायची. पण खरी मिरची दगडावर नव्हतीच. ती वर होती. छताच्या तुळयांवर, खुंट्यांवर, भिंतीच्या फटींत वर्षानुवर्षांची तांबडी पूड सायीसारखी बसली होती, आणि इंजिन थरथरलं की ती खाली झरायची. झाडू मारला तर उडायची आणि घटकाभरानं परत जागेवर येऊन बसायची. पाणी मारावं तर वर मातीचं माळवद. तेच डोक्यावर आलं असतं.

आत्याचं नाव नागम्मा. नवरा गेल्यावर तिनं गिरणी बंद ठेवली नाही. पदर खोचून ती स्वतः इंजिनाचं हँडल मारते, आणि इंजिन लागलं की मान कलती करून थोडा वेळ नुसती ऐकत उभी राहते. त्या आवाजावरून आज तेल कसलं आलंय ते तिला कळतं. मला ती लाडानं तम्मा म्हणते, कानडीत धाकट्या भावाला म्हणतात तसं, जरी मी तिचा भाचा असलो तरी.

यंदा जत्रेची व्यवस्था पाहणाऱ्या हिंमतरावांनी दळणाआधीच निरोप धाडला. हळद दळून झाली की ते स्वतः येणार, आणि पहिली मूठ रेवणसिद्धाच्या तोंडावर टाकणार. तो शिंकला, तर पुढच्या वर्षीपासून भंडारा सोलापूरला दळायचा. रेवणसिद्धानं त्याला आपलं एक कलम जोडलं. देवाचं दळण गेलं की गिरणीची अब्रू गेली. मग इंजिन विकून टाकायचं, जागा सोलापूरच्या एका व्यापाऱ्याला शेंगा साठवायला द्यायची, आणि वहिनींनी घरात सुखानं राहायचं. अर्धी गिरणी त्याच्या नावावर होती, त्यामुळे हे नुसतं बोलणं नव्हतं. माणूस वाईट नव्हता. कललेली पालखी त्याच्या मनातून जात नव्हती, एवढंच.

आत्या त्याला म्हणाली, "भावजी, इंजिन नेलंत तर मग म्या घरात बसून ऐकू काय?"

रेवणसिद्ध उठून गेला.

हे सगळं मला कळलं तेव्हा मी हैदराबादहून बी.एस्सी.चा निकाल घेऊन नुकताच परतलो होतो आणि नोकरीची वाट पाहत होतो. हैदराबादेत एका प्रोफेसरांच्या बंगल्यावर मी एक यंत्र पाहिलं होतं. विजेवर चालणारं, नळकांड्यासारखं, पुढं लांब सोंड. ती सोंड गालिच्यावरून फिरवली की धूळ उडायची नाही, आत जायची. मी आत्याला म्हणालो की आपल्याला झाडणारं काही नकोच, ओढणारं पाहिजे. आत्यानं विचारलं, नळदुर्गात वीज कुठं आहे. मी म्हणालो, नाही. त्यावर बसप्पानं तोंडातलं पान गालात सरकवलं आणि सांगितलं की वीज नसणं ही काही अडचण नव्हे.

बसप्पा सुतार. गिरणीच्या मागच्या भिंतीला भोक पाडून तिथून त्यानं एक पट्टा आपल्या छपरात नेला होता, आणि आत्याच्याच इंजिनावर त्याची गोल करवत, भोकं पाडायचा सामता आणि धार लावायचा दगड फिरायचा. विकत घेतलेली कुठलीही वस्तू तो आहे तशी राहू देत नसे. सामत्याला सायकलची साखळी, करवतीला शिवणयंत्राची टेबलपट्टी, धारेच्या दगडावर थेंब थेंब पाणी सोडणारी गळकी चहाची किटली. त्याच्या घरात बदल न झालेली एकच गोष्ट होती, त्याची बायको शिवकांता. आणि तिचं म्हणणं होतं की बदलाची गरज आहे ती घरातल्या दुसऱ्या माणसाला.

मी आणि बसप्पा कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीतून सोलापूरला गेलो. लढाई चालू असल्यामुळे नवी यंत्रं कुठं मिळत नव्हती, पण भंगारवाल्याकडं हवं ते मिळालं. कुठल्याशा गोऱ्या साहेबाच्या बंगल्यातलं, मोटर जळालेलं, पत्र्याचं नळकांडं. बसप्पानं ते मांडीवर घेतलं आणि परतीच्या वाटेवर सबंध वेळ त्याच्या पोटावर बोटांनी ठोकून बघितलं.

निजामाच्या हद्दीत शिरताना करोडगिरीच्या नाक्यावर माल दाखवून महसूल भरावा लागतो. नाक्यावरचा मुन्शी हुक्का ओढत बसला होता. त्यानं नळकांडं उलटसुलट केलं आणि हे काय म्हणून विचारलं. माझं शिक्षण उर्दूतच झालेलं. मी त्याला वर्गात शिकलो तसं स्वच्छ उर्दूत समजावलं की यात पंखा आहे, पंखा आतली हवा बाहेर फेकतो, त्यामुळे आत खला तयार होतो, म्हणजे काहीच नसण्याची अवस्था. मुन्शीनं सगळं आदबीनं ऐकून घेतलं.

"मतलब, इसमें भरा क्या है?"

"कुछ नहीं."

"मियां, कुछ नहीं पर मैं महसूल कैसा लगाऊं?"

महसूल घेतल्याशिवाय यंत्र सोडता येत नव्हतं आणि काय लिहावं ते त्याला सुचत नव्हतं. मागं मोटार खोळंबली होती. शेवटी बसप्पा कंटाळला, आणि आत खरंच काही नाही हे दाखवायला त्यानं सोंड तोंडाला लावून जोरात फुंकली. दुसऱ्या टोकानं लांबलचक, कातर असा एक भोंगा निघाला. मुन्शीचा चेहरा एकदम खुलला.

"बाजा," तो म्हणाला, आणि त्यानं तसं लिहून टाकलं.

हे सारं चालू असताना त्याचा हुक्का गुडगुडत होता. मी त्याच्याकडं बघत होतो, पण तेव्हा माझ्या डोक्यात काही आलं नाही. ते नंतर आलं.

त्या दिवसापासून त्या यंत्राला बाजाच म्हणू लागलो. आम्ही तो गिरणीत आणून उघडला. आतली रचना साधी होती. हवा सोंडेतून येते, पोटातल्या कापडी पिशवीतून गाळून जाते, धूळ पिशवीत राहते, मागचा पंखा ती हवा ओढून पाठीमागच्या तोंडातून बाहेर टाकतो. जळालेली मोटर काढून टाकली आणि पंख्याचा दांडा मोकळा केला. आता हा दांडा फिरवायचा कसा हा प्रश्न. गिरणीचा शाफ्ट मिनिटाला तीनशे फेऱ्या घेतो. पंख्याला हजारोंनी हव्यात. म्हणजे शाफ्टवर मोठ्यात मोठं चाक आणि पंख्यावर लहानात लहान.

मोठ्यात मोठं चाक नळदुर्गात एकच प्रकारचं मिळतं. बसप्पानं आत्याच्या मोडक्या बैलगाडीचं चाक काढून शाफ्टवर बसवलं. पंख्याच्या दांड्यावर त्यानं बाभळीच्या लाकडाची, दोऱ्याच्या रिळाएवढी पुली कातून घातली. पहिल्याच फेरीत चाक असं थडथडलं की भिंतीवरचा देवांचा फोटो तिरका झाला. एक बाजू जड होती. मी हिशेब करून कुठं किती वजन हवं ते सांगितलं. बसप्पानं तेवढ्या वजनाचा म्हणून बैलाचा एक नाल आणून हलक्या बाजूला ठोकला. चाक शांत झालं. मग लोखंडी धावेवरून पट्टा घसरू लागला, तेव्हा त्याला राळ चोळली. आणि मग बाजा वाजला.

तो आवाज कसा होता ते सांगणं कठीण आहे. इंजिन खाली नेहमीसारखं भक भक करत होतं आणि त्याच्यावर हा एक बारीक, चढत जाणारा सूर, जो आता थांबेल असं वाटायचं आणि आणखी वर जायचा. माझ्या हिशेबानं मिनिटाला सात हजार फेऱ्या. बसप्पा हसत सुटला, मी हसत सुटलो, का ते दोघांनाही माहीत नव्हतं. आत्या मान कलती करून ऐकत होती. तिनं सोंडेपुढं हात धरला, तर हातातलं पदराचं टोक ताणून पुढं गेलं. तिनं हात मागं घेतला आणि परत पुढं केला, चांगला पाच-सहा वेळा.

सोलापूरची सोंड छतापर्यंत पुरणारी नव्हती. आत्याच्या मळ्यात जुनी मोट पडली होती. मोटेला पाणी ओतायला कातड्याची लांब सोंड असते, ती लवचीक, लांब आणि कुठंही न गळणारी. आम्ही ती कापून लावली, इंजिन सुरू केलं, आणि सोंड चप्प झाली. ओल्या पायतणासारखी चपटी. मी डोक्याला हात लावला. मोटेत पाणी आतून बाहेर दाबतं. इथं आतली हवा गेल्यावर बाहेरची हवा दाबणार. मी हे शाळेत पत्र्याच्या डब्यावर करून पाहिलं होतं आणि कातड्याच्या वेळी विसरलो होतो. बसप्पानं बुरुडाकडून कामट्यांची कडी करून आणली आणि सोंडेच्या आतून वीतभर अंतरानं बसवली. आता ती गांडुळासारखी दिसायची, पण चप्प होत नव्हती.

शिवकांतानं बसप्पाच्या नव्या धोतरातून पोटातली पिशवी शिवून दिली. त्याला विचारून नव्हे.

मग आम्ही तुळया साफ करायला घेतल्या. बसप्पा शिडीवर, सोंड त्याच्या हातात, मी शिडी धरून, आत्या इंजिनापाशी. सोंडेचं तोंड तुळईवरून गेलं की तांबड्या सायीत स्वच्छ लाकडाचा पट्टा उमटायचा. असा पट्टा उमटताना बघण्यात काय सुख आहे ते ज्यानं पाहिलं त्यालाच कळेल. बसप्पानं शिडीवरूनच जाहीर केलं की आता त्याला दुसरं काहीच करायचं नाही, जन्मभर हेच करायचं आहे. एवढ्यात बाहेरून शिंक ऐकू आली. मग आणखी एक. मग सबंध बोळातून शिंकांचा असा मारा सुरू झाला की जणू पालखीच आली.

धोतराच्या कापडातून मिरचीचा सर्वांत बारीक भाग पार होत होता, आणि बाजाची पाठ खिडकीकडं असल्यामुळे तो थेट बोळात जात होता. दळणं घेऊन बसलेल्या बायका पदर नाकाला लावून पांगल्या. बोळाच्या तोंडाशी रेवणसिद्ध उभा होता. तोही शिंकला, आणि शिंकता शिंकता म्हणाला की वहिनी, पालखी तरी येऊ द्यायची होती.

आत्यानं इंजिन बंद केलं. ती माझ्याकडं बघत होती, आणि तिच्या बघण्यात राग नव्हता म्हणून मला जास्त लागलं.

आणि मग मला मुन्शीचा हुक्का आठवला. धूर पाण्यातून गेला की त्यातलं तिखट पाण्यात राहतं आणि माणसाच्या छातीत मऊ धूर येतो. मिरचीही तशीच जाईल. आम्ही बाजाच्या पाठीमागच्या तोंडाला एक नळी लावून ती पाण्यानं अर्ध्या भरलेल्या रांजणात सोडली. इंजिन सुरू झालं तसा रांजण गुडगुडू लागला, आणि थोड्या वेळानं पाणी विटकरी झालं. बोळात शिंक नाही. बसप्पा रांजणापाशी उकिडवा बसून ते बुडबुडे बघत राहिला. त्याचं म्हणणं पडलं की आता मुन्शीला बोलावून दोन झुरके द्यायला पाहिजेत.

आठवडाभरात गिरणीच्या तुळया अशा झाल्या की त्यांच्यावर किती गाठी आहेत ते मोजता यावं. पिशवीतली मिरची आत्यानं मळ्यात पुरली. नवी कोरी पिशवी शिवली, तीही त्याच धोतरातून, कारण आता ते नेसण्याजोगं उरलंच नव्हतं. रांजण घासून त्यात ताजं पाणी भरलं. दगड धुतला, टाकी लावली, ऊन दाखवलं, आणि हळद दळायला घेतली.

सोंडेचं तोंड दगडावर टांगलं होतं, म्हणजे काही उडालंच तर ते बाजा ओढून घेईल. संध्याकाळी मोजायला गेलो तर दगडाखाली अपेक्षेपेक्षा हळद बरीच कमी. बाजानं ओढली होती. मी पिशवी उघडली आणि आत हात घातला, आणि हाताला काही लागलंच नाही. हात पिवळा होऊन बाहेर आला, एवढाच पुरावा. इतकी बारीक पूड मी आजवर पाहिली नव्हती. हलकं तेवढं वर उडून पिशवीत गेलं होतं आणि भरड खाली राहिली होती. आत्यानं चिमूटभर घेऊन हवेत सोडली. ती खाली पडेना. दारातून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपीत तरंगत राहिली, आणि आम्ही तिघं तोंड उघडं ठेवून तिच्याकडं बघत राहिलो.

आत्या म्हणाली, "तम्मा, देवाला हाच. खालचा न्हाय."

म्हणून दुसऱ्या दिवशीही तसंच दळलं, आणि पिशवीतली हळद पितळी परातीत काढली. परात शिगेला भरली.

हिंमतराव दुपारी आले. डोक्याला गुलाबी फेटा, हातात काठी. त्यांच्या मागं अर्धं गाव. रेवणसिद्ध तोंड धुऊन, जणू नाटकात उभं राहायचं असल्यासारखा खांबापाशी उभा होता. हिंमतरावांनी परातीत हात घातला, तेव्हा तोच त्यांना थांबवून बोलला. त्याचं म्हणणं रास्त होतं. मागच्या वर्षीसुद्धा पहिली मूठ चांगलीच होती, नंतरच्या मुठींनी घात केला. एक मूठ बरी निघाली म्हणून परात बरी असं कसं म्हणायचं. हिंमतरावांनी मान डोलावली. लोक आत्याकडं बघू लागले.

"मग सगळी परात घ्या तोंडावर," आत्या म्हणाली. "एकदम."

परातभर भंडारा एकदम माणसाच्या तोंडावर कसा टाकायचा हे कुणाला सुचेना. मला सुचलं. जे यंत्र ओढतं ते फुंकरही मारेल. पट्ट्याला मधे एक पीळ द्यायचा, म्हणजे पुली उलटी फिरेल, पंखा उलटा फिरेल, आणि सोंडेतून वारा बाहेर येईल. मी हे सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. बसप्पानं पट्ट्याला पीळ दिला आणि परात उचलून सोंडेपुढं धरायला निघाला. हिंमतराव सोंडेच्या तोंडात काय आहे ते बघायला वाकले.

बाजा वाजला, आणि हिंमतरावांच्या फेट्याचं पाठीवर सोडलेलं टोक सोंडेत गेलं.

पंखा उलटा फिरत होता, हे मी डोळ्यांनी बघत होतो, आणि तो ओढतच होता. थोडा कमी जोरानं, पण ओढत होता. फेटा उलगडू लागला. हिंमतरावांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं, म्हणून मग तेच जागच्या जागी फिरू लागले, एक, दोन, तीन गिरक्या, आणि प्रत्येक गिरकीला गुलाबी फेट्याचा एक वेढा कातड्याच्या सोंडेत नाहीसा होत गेला. बसप्पा परात घेऊन मागं सरला. आत्यानं काठीनं पट्टा उतरवून इंजिन बंद केलं तेव्हा हिंमतराव बोडके होते आणि त्यांचा सबंध फेटा सोंडेत होता.

कुणी हसलं नाही. हसू दाबल्यानं बोळातले सगळे खांदे मात्र हलत होते.

आणि मला तेव्हाच उलगडलं. या पंख्याची पाती हवा मधून घेतात आणि कडेला भिरकावतात. उजवीकडं फिरा नाहीतर डावीकडं, कडेला भिरकावलेलं कडेलाच जाणार. उलटी दिशा देऊन वारा उलटत नाही. वारा हवा असेल तर सोंडच पुढून काढून मागच्या तोंडाला लावली पाहिजे. इतकी सुंदर गोष्ट माझ्या डोळ्यांपुढं घडली होती आणि मला झालेला आनंद त्या क्षणी कुणाला सांगण्याची सोय नव्हती.

मी रांजणाची नळी काढली, सोंड सोडवून, फेट्यासकट, मागच्या तोंडाला लावू लागलो, आणि ती हातात असतानाच मी तिच्या तोंडात डोकावलो. ही सोंड. हिनंच छतावरची सगळी मिरची ओढली होती. पंख्यात थोडीफार अडकली असेल तर दोन दिवसांच्या वाऱ्यानं ती रांजणात गेली असणार, एवढं मी धरून चाललो होतो. पिशवी नवी होती, दगड धुतला होता, रांजण घासला होता. सोंड आम्ही बदलली नव्हती. परातीतला कण न् कण या सोंडेतून गेला होता, आणि तिच्या आतल्या कामट्यांच्या कड्यांत मिरची बसायला हवी तेवढी जागा होती.

मी आत्याकडं बघितलं. तिनं हँडलला हात घातला होता. काही बोलावं तर अर्धं गाव ऐकत होतं, आणि न बोलावं तर गिरणी जाणार होती. मी तोंड उघडलं, पण तोवर इंजिन लागलं होतं आणि माझं तोंड नुसतंच उघडं राहिलं.

बसप्पानं परात पुन्हा सोंड आणि रेवणसिद्ध यांच्या मधे धरली, आणि पट्टा चढला. सोंड एकदा फुगली, आणि तिच्यातून हिंमतरावांचा फेटा असा सुटला की मधल्या परातीतला सगळा भंडारा बरोबर घेऊनच गेला. गुलाबी फेटा हवेत लांबच लांब झाला आणि त्याच्याभोवती पिवळा ढग. बसप्पा दिसेनासा झाला. रेवणसिद्ध दिसेनासा झाला. बोळ दिसेनासा झाला. त्या पिवळ्या उजेडात फक्त फेट्याचं एक टोक कुठंतरी उंच फडफडताना दिसत होतं, आणि मग तेही पिवळं झालं.

आत्यानं इंजिन बंद केलं. बाजाचा सूर उतरत उतरत थांबला.

ढग खाली बसत नव्हता. तो तसाच तरंगत राहिला आणि त्यातून हळूहळू माणसं दिसू लागली, डोक्यापासून पायापर्यंत एकाच रंगाची, त्यामुळे कोण कुठलं ते कळेना. रेवणसिद्ध त्याच्या जागेवरून ओळखू आला. त्याचे डोळे मिटलेले होते. त्याचं नाक हललं. एकदा. मी आत्याचा हात धरला, किंवा तिनं माझा. त्यानं तोंड उघडलं, मान मागं नेली, छाती भरून श्वास घेतला, आणि तसाच थांबला.

मग त्यानं तो श्वास सोडला. दुसरा घेतला, पहिल्यापेक्षा खोल. तिसरा तर असा घेतला की शेजारच्या माणसाच्या मिशीवरचा भंडारा हलला.

"वहिनी," तो म्हणाला.

"काय भावजी?"

"येत न्हाय."

"काय येत न्हाय?"

"शिंक."

त्यानं डोळे उघडले. भुवयांवरून हळद गळत होती. तो एकाएकी हसायला लागला, आणि मग ते दाबून ठेवलेलं सगळं हसू बोळभर फुटलं. हिंमतरावांच्या डोक्यावर केसांऐवजी भंडाऱ्याचा थर होता आणि ते काठीवर रेलून, डोळ्यांतलं पाणी पुसत, पुसल्याच्या जागी दोन पांढऱ्या रेघा उमटवत हसत होते. कुणीतरी येळकोट म्हटलं. पालखी उद्या यायची होती, पण ते कुणाच्या ध्यानात राहिलं नाही.

गर्दी पांगल्यावर मी आत्याला सोंडेचं विचारलं. तिला आधी प्रश्नच कळेना. मी म्हणालो, मिरचीनंतर तू ती धुतली होतीस का. ती म्हणाली, धुवायची कशाला. कातडं कोरडं ठेवलं तर तडकतं, म्हणून आम्ही गिरणीतून गेलो की मोटेची सोंड ती रोज संध्याकाळी विहिरीवरच्या थारोळ्यात, मोटेच्या पाण्याच्या हौदात, बुडवून ठेवते आणि सकाळी उन्हात टांगते. मोट चालायची तेव्हाही ठेवायची. मोट बंद झाली म्हणून कातडं बदललं होय? तिला मिरची आठवलीही नव्हती. मी तिला सांगितलं की आज त्या थारोळ्यानं गिरणी राखली. ती म्हणाली की हे भावजींना इतक्यात सांगू नकोस.

भावजी तेव्हा बसप्पाशी भांडत होते. दुसऱ्या दिवशी पालखी गिरणीपुढून जाईल तेव्हा सोंड कुणाच्या हातात असेल यावर तो वाद होता. बसप्पाचं म्हणणं, यंत्र त्यानं केलं, धोतर त्याचं गेलं. रेवणसिद्धाचं म्हणणं, अर्धी गिरणी त्याच्या नावावर आहे, आणि मागच्या वर्षी दांडी त्याच्या खांद्यावरून निसटली होती, यंदा देवापुढं तोच उभा राहणार. सोलापूरच्या शेंगांचं त्यानं नावही काढलं नाही. शेवटी आत्यानं दोघांनाही बाजूला केलं आणि सांगितलं की सोंड भावजींनी धरावी, परात बसप्पानं, आणि इंजिनाला हात लावायचा नाही, कुणीच.

पालखी आली तेव्हा मी गिरणीच्या खिडकीत होतो. गर्दीत अगदी गिरणीसमोर नाक्यावरचा मुन्शी दिसला, जत्रेला आलेला, अंगात पांढरी शेरवानी. बाजा वाजू लागला तसे त्यानं कान टवकारले. त्यानं शेजारच्याला कोपरानं ढोसून काहीतरी अभिमानानं सांगितलं. मी तिथून हात हलवून त्याला मागं सर, मागं सर म्हणून खुणा करत होतो. त्याला वाटलं मी सलाम करतोय. त्यानंही हात कपाळाला नेला, आणि तेवढ्यात रेवणसिद्धानं सोंड वळवली.